पाऊण तास

चॅटम बेटांवरचं घड्याळ
बाकी न्यूझीलंडच्या पाऊण तास पुढे चालतं.
का, असं वायतांगीच्या धक्क्यावर विचारलं
तर लोक खांदे उडवतात,
म्हणतात, तुम्हीच मागे आहात.

फ्रँकफुर्टच्या सर्व्हरला हे ठाऊक असायचं कारण नाही.
थंडगार खोलीत, रॅकवर बसून
तो शून्याचं घड्याळ लिहितो,
कुणाच्याच गावचं नसलेलं, ना सकाळ ना उन्हाळा.
बेटाची वेळ हवी तर मिळवा पावणेतेरा.
मिळवायचं काम माझं.
मी डनीडिनला असते; जुलैत पायाशी हीटर,
खिडकीत न सुकणारे मोजे,
आणि बेटाच्या विमानांची, दवाखान्याची, मरणाच्या नोंदींची
एकच लहानशी साइट सांभाळते.

गुरुवारी न्गायरेचं पत्र आलं, गॉलवेहून.
नमस्कार नाही.
"तुमच्या पानावर लिहिलंय, बाबा सकाळी सात पाचला गेले.
सात पाचला ते माझ्याशी फोनवर होते.
क्रेफिशच्या पिंजऱ्याची दोरी कुणी कापली ते सांगत होते,
हसत होते.
मग मी कुणाशी बोलत होते?"

चहा तसाच राहिला.

लॉग उघडला. सोमवार, एकोणीस वाजून पाच.
सर्व्हरचं बरोबर होतं.
शेजारी फरकाचा रकाना, त्यात बारा.
नुसते बारा.

पावणेतेरा हा आकडा तोंडाला सोपा, रकान्याला अवघड.
रकाना केला होता पूर्णांकाचा,
चार वर्षांपूर्वी, एका शुक्रवारी, घाईत;
करणारीची आद्याक्षरं माझीच.
यंत्र तेव्हा काही बोललं नाही,
ना लाल ओळ, ना इशारा.
शिंप्यानं कडेचं कापड उडवावं
तसं पाऊण मुकाट कापून टाकलं.
चार वर्षं पानावर विमानं लवकर सुटत होती.
लोक लवकर येत, थर्मासमधलं ओतून घेत,
धावपट्टीवरच्या मेंढ्या मोजत.
तक्रार एकही नाही.
नर्स पानिआला फोन केला, तर म्हणाली,
"अगं, आम्ही मनातच मिळवायचो."
न्गायरेला बेट सोडून वीस वर्षं झाली.
तिला कोण सांगणार?

मग बोटांवर मोजलं.
तिनं फोन ठेवला तेव्हा बेटावर साडेसात.
हॉरोमोना गेले आठला दहा कमी असताना.
मध्ये वीस मिनिटं.
त्या वीस मिनिटांचं माझ्याकडे काहीच नाही.
किटली ठेवली असेल, दारातून समुद्र पाहिला असेल,
किंवा नसेलही.
एवढीच नोंद, की पानिआ पोचली
तेव्हा रेडिओ चालू होता आणि श्वास जेमतेम.

दुरुस्ती म्हणाल तर दोन ओळींची.
फरक आकड्यात ठेवायचाच नाही, ठेवायचं गावाचं नाव,
आणि हिशोब दर तारखेला नव्यानं मांडायचा,
कारण उन्हाळ्यात तिथले पावणेतेरा पावणेचौदा होतात.
चाचण्या हिरव्या झाल्या.
एक लाल राहिली, तारखेची:
गॉलवेच्या पडद्यावर बाप सोमवारी जातो,
बेटावर मंगळवारी.
बघणाऱ्याची वेळ दाखवायची, हा आमचा नियम.
या एका पानापुरता मी तो मोडला.
माणूस आपल्या गावच्या सकाळी जातो,
बघणाऱ्याच्या संध्याकाळी नाही.

तिला लिहिलं, चूक माझी.
तुम्ही त्यांच्याशीच बोलत होतात.
"क्षमस्व" लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं.

रात्री उशिरा उत्तर आलं, तिकडे दुपार असावी.
"मंगळवारच राहू दे.
आणि दोरी वेकानं कापली म्हणे.
कोंबडीएवढा पक्षी तो, रोज येऊन चोच मारायचा.
बाबांनी त्याला नावही ठेवलं होतं.
ते मात्र सांगत नाही."